धूर पेल्यात मोजायचा: बार्देशातल्या वी हेवीच्या प्रकल्प नोंदी

काम: वी हेवी, म्हणजे स्कॉटिश धाटणीची कडक एल (बिअरचा एक प्रकार), इथे धुरकट केलेली.
जागा: गोव्यात म्हापशाजवळच्या परवानाधारक छोट्या ब्रुअरीचा चाचणी संच, मॅशचं (गरम पाण्यात माल्ट भिजवून साखर उतरवण्याचं) भांडं ८० लिटरचं.
लक्ष्य: सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तितकी जास्त) १.०८४, शेवटची १.०२२, अल्कोहोल ८ टक्क्यांच्या आसपास, कडवटपणा २५ आयबीयू, कार्बोनेशन २ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या दुप्पट गॅस).

धुराचा माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली) मुख्य उकळीत घालायचा नाही, हे आधीच ठरलं. मॅशमध्ये गेलेला धूर परत काढता येत नाही. आणि पोत्यापोत्यागणिक पीट माल्टचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणावर, म्हणजे पीटवर, धुरावलेल्या माल्टचा) जोर बदलतो, त्यामुळे कागदावरची टक्केवारी पेल्यात तशीच उतरेल याची खात्री नसते. म्हणून तीन बिअर वेगवेगळ्या करायच्या. ‘अ’ म्हणजे धूर नसलेली मूळ बिअर, ४० लिटर. ‘ब’ म्हणजे तीच बिअर, पण २० टक्के पीट माल्ट घालून, १० लिटर. ‘क’मध्ये ४० टक्के माल्ट करवंटीच्या धुराचा, तीही १० लिटर. मिश्रण चवीच्या टेबलावर ठरवायचं.

२६ ऑक्टोबर २०२४. करवंटीची धुरी

हे काम मुख्य उकळीच्या दोन आठवडे आधी उरकावं लागतं. ताजा धुरावलेला माल्ट लगेच वापरला तर बिअरला राखेची चव येते. पंधरा दिवस बंद डब्यात राहिला की वरचा तिखट वास उडतो.

२ किलो पेल माल्ट, त्यावर ८० मिली पाणी फवाऱ्याने मारून अर्धा तास झाकून ठेवला. ओलसर दाण्याला धूर धरतो, कोरड्याच्या अंगावरून नुसता जातो. पाणी यापेक्षा जास्त झालं तर दाणा मऊ पडतो आणि गिरणीत चपटा होतो. धुरासाठी जुनं २०० लिटरचं पिंप, आत स्टीलची जाळी, जाळीवर माल्टचा ३ सेंटिमीटरचा थर. विस्तव पिंपाखाली ठेवायचा नाही. तो बाहेर वेगळ्या भांड्यात, मध्ये २ मीटरची नळी, म्हणजे धूर थंड होऊन आत येतो. जाळीवर तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. दाणा तापला तर मॅशमध्ये साखर करणारी एन्झाइम्स मरतात.

करवंट्या खरवडून पूर्ण कोरड्या केलेल्या हव्यात. खोबऱ्याचा पापुद्रा राहिला तर तेल जळून काजळी बसते आणि खवट वास माल्टमध्ये उतरतो. सोडणं अजिबात नकोत, ती धुमसतात आणि धूर घट्ट, कडू येतो. काजूबीची टरफलं इथे हाताशी असतात म्हणून कोणाला मोह होऊ शकतो, त्यांना हात लावू नये. त्यांच्यातलं तेल दाहक असतं, कातडी भाजतं, आणि त्याचा धूर डोळ्यांत आणि घशात जातो. खाण्यापिण्याच्या वस्तूला तो द्यायचाच नाही.

धूर पांढरा आणि दाट दिसला की हवा कमी पडतेय असं समजायचं. पहिली वीस मिनिटं तसाच येत होता, तोवर माल्ट आत ठेवला नाही. विस्तवाचं तोंड दोन बोटं उघडल्यावर धूर पातळ, निळसर झाला. मग दीड तास, दर पंधरा मिनिटांनी थर हाताने वरखाली. शेवटी पंख्याच्या ओव्हनमध्ये ५० अंशांवर तासभर सुकवून हवाबंद डब्यात. इथल्या दमट हवेत कागदी पिशवी उपयोगाची नाही, चार दिवसांत माल्ट वातड होतो.

वास: खोबऱ्याचा अजिबात नाही. न्हाणीत लाकडांवर तापवलेल्या भाणातल्या पाण्याला जो वास येतो, नेमका तो.

४ नोव्हेंबर. पाणी

बार्देशात नळाला येणारं पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं. मऊ पाणी, क्षार कमी, आणि क्लोरीन असतंच. एडिंबराच्या जुन्या ब्रुअऱ्या विहिरींच्या जड पाण्यावर चालायच्या, त्याची हुबेहूब नक्कल करत बसायची गरज नाही. कॅल्शियम पुरेसं हवं, एवढंच.

लागणारं पाणी ७५ लिटर: मॅशला ४९, धुवायला २६. त्यात कॅल्शियम क्लोराइड १६ ग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण ६० मिलिग्रॅम कॅल्शियम. क्लोराइडमुळे माल्टचा गोडवा भरीव लागतो, म्हणून जिप्सम घेतलं नाही. क्लोरीन काढायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, १०० लिटरला १ ग्रॅम, ढवळून दहा मिनिटं. पट्टीने तपासलं, क्लोरीन शून्य.

ही पायरी धुरकट बिअरमध्ये दुप्पट महत्त्वाची आहे. माल्टमधली फिनॉल्स (धुराचा वास देणारी संयुगं) आणि पाण्यातलं क्लोरीन एकत्र आलं की क्लोरोफिनॉल तयार होतं. ते अब्जात काही भाग इतकं कमी असलं तरी जिभेला कळतं. धुराच्या माल्टमध्ये तर फिनॉल्स भरपूर.

९ नोव्हेंबर. ‘अ’ची उकळ

गोल्डन प्रॉमिस जातीचा पेल माल्ट १७.६ किलो, म्युनिक माल्ट १ किलो, भाजलेलं बार्ली २४० ग्रॅम. भाजलेलं बार्ली रंगासाठी आणि शेवटी जीभ किंचित कोरडी व्हावी म्हणून. याच्या दुप्पट घातलं तर कॉफी लागते आणि बिअर पोर्टरकडे (काळ्या, भाजकट बिअरकडे) झुकते. क्रिस्टल माल्ट मुद्दाम नाही. कॅरमेलची चव आटवणीतून आणायची आहे.

एवढा माल्ट ८० लिटरच्या भांड्यात म्हणजे थर खोल होतो आणि गाळण तुंबते. ३०० ग्रॅम भाताचं तूस धुऊन, उकळून तळाशी पसरलं. तूस न उकळता घातलं तर गोणपाटाचा वास येतो.

पाणी ७७ अंशांवर घेतलं, मॅश ६९ वर बसला. पीएच ५.४. पाऊण तास नाही, पूर्ण ७५ मिनिटं. ६९ अंशांवर न आंबणाऱ्या साखरा जास्त उरतात. वी हेवीला अंग येतं ते त्यांच्यामुळे.

आता आटवणी. पहिल्या धारेचा ६ लिटर वर्ट, म्हणजे मॅशमधून गाळलेला गोड रस (ग्रॅव्हिटी १.०९३), वेगळ्या रुंद कढईत घेतला आणि मोठ्या आचेवर दीड लिटरपर्यंत आटवला. ५५ मिनिटं लागली. पहिला अर्धा तास नुसता फेस येतो, तो काढायचा. वर्ट निम्मा झाला की फेस बसतो, बुडबुडे लहान आणि चकचकीत होतात. त्यानंतर बुडबुडे मोठे, जड, फुटताना ‘पच्’ असा आवाज करणारे, आणि झाऱ्यावरून थेंब न पडता पट्टी ओघळते. गूळ करणाऱ्यांना ही खूण सांगायला नको, काकवीच्या जरा अलीकडची अवस्था. इथून पुढची चार मिनिटं कढईपासून हलायचं नाही. आच निम्म्यावर, उलथनं तळाला घासत फिरतं ठेवायचं. कडेला काळा पापुद्रा धरला तर तो खरवडून आत ढकलायचा नाही, जळकट कडवटपणा सबंध टाकीत पसरतो. आमच्या कढईत एका कडेला बोटभर रुंदीचा पापुद्रा धरला होता, तेवढा भाग तसाच सोडला.

चव: टॉफी, भाजलेलं कवच असलेला पाव, थोडं मनुकं. साखरेच्या कॅरमेलपेक्षा हे वेगळं. इथे साखर आणि अमिनो आम्लं यांची अभिक्रिया होते, म्हणून भाजल्याचा वास जास्त येतो.

मुख्य उकळ १२० मिनिटं. हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) एकदाच: ईस्ट केंट गोल्डिंग्ज, ५ टक्के अल्फा आम्ल, १२० ग्रॅम, उकळ संपायला ९० मिनिटं असताना. वासासाठी हॉप्स नाहीत. आटवलेला वर्ट शेवटच्या पंधरा मिनिटांत परत घातला.

उकळीअंती ४४ लिटर. हायड्रोमीटरने १.०८१ दाखवलं. नमुना ३१ अंशांवर होता आणि हायड्रोमीटर २० अंशांचा, म्हणजे ३ मिळवायचे: १.०८४. गोव्यात ही दुरुस्ती विसरली की वर्षभर सगळ्या नोंदी चुकतात.

थंड करायला नळाचं पाणी ३२ अंशांच्या खाली नेत नाही. पुढचं काम ग्लायकॉलच्या शीतकावर, १५ अंशांपर्यंत. शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १ लिटर वेगाने ९० सेकंद. यीस्ट नॉटिंगहॅम, कोरडं, ५० ग्रॅम. एवढ्या ग्रॅव्हिटीला प्लेटोच्या (साखर मोजायच्या एककाच्या) दर अंशाला मिलीमागे साडेसात लाख पेशी हा हिशोब धरला तर ४० लिटरला सहाशे अब्ज पेशी लागतात. एका पाकिटावर भागवलं तर यीस्ट थकतं आणि बिअर १.०३५ वर अडकते.

१० नोव्हेंबर. ‘ब’ आणि ‘क’

दोन्हींना प्रत्येकी ४.७ किलो धान्य, बाकी प्रमाण ‘अ’सारखंच. ‘ब’मध्ये पीट माल्ट ९४० ग्रॅम. ‘क’मध्ये करवंटीचा माल्ट १.९ किलो. आटवणी दोन्हींत प्रत्येकी दीड लिटरची, पावणेचारशे मिलीपर्यंत.

इथेच एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. स्कॉटलंडच्या जुन्या कडक एलमध्ये पीटचा धूर असायचाच असं अनेकजण धरून चालतात. ती गल्लत व्हिस्कीमुळे होते. पीटवर माल्ट सुकवण्याची रीत व्हिस्कीच्या भट्ट्यांनी टिकवली. एडिंबरा, अ‍ॅलोआ, डनबार, प्रेस्टनपॅन्सच्या एल मात्र माल्ट, लांब उकळ आणि थंड किण्वन यांवर उभ्या होत्या. प्रेस्टनपॅन्सच्या फाउलर्सची वी हेवी लहानशा बाटलीत यायची, नावातला ‘वी’ (लहान) तोच. ट्रॅक्वेअर हाउसची ब्रुअरी पीटर मॅक्सवेल स्टुअर्टनी १९६५ मध्ये पुन्हा सुरू केली. तिथली ७.२ टक्क्यांची एल ओकच्या भांड्यांत आंबते, आणि तिच्यात पीट माल्ट नाही. त्यामुळे आमची धुरकट बिअर ही परंपरेची नक्कल नाही, आजच्या धाटणीची आहे. मूळ बिअर आधी स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी, धूर नंतर.

व्हिस्कीसाठी भारी पीट केलेल्या माल्टमध्ये फिनॉल्स दहा लाखांत ४० ते ५५ भाग असतात. व्हिस्कीत ऊर्ध्वपातन करणारा पुढचा-मागचा भाग कापून टाकू शकतो. बिअरमध्ये कापायला काही नसतं, माल्टमधून वर्टमध्ये जे उतरलं ते बहुतांशी पेल्यात येतं. म्हणून व्हिस्कीत छान वाटणारी मात्रा बिअरमध्ये असह्य होते.

१२ नोव्हेंबर. तापमान

‘अ’ १६ अंशांवर स्थिर, जोरात चालू.

‘क’मध्ये घोळ. ती झाकणाच्या फ्रीजरमध्ये ठेवली आहे आणि नियंत्रकाचा सेन्सर भांड्याला बांधलेला निसटून हवेत लोंबत होता. हवा १६, आत बिअर १९.५. किण्वनाची उष्णता भांड्याच्या आत तयार होते, हवेवरून ती कळत नाही. सेन्सर भांड्याला टेकवून वर फोमचा जाड तुकडा आणि पट्टी. तापमान एकदम खाली आणलं नाही, दर आठ तासांनी १ अंश. एकदम गार केलं तर नॉटिंगहॅम तळाला बसतं आणि काम अर्धवट राहतं.

१५ नोव्हेंबर

‘अ’ १.०३८. १९ अंशांवर नेली, म्हणजे यीस्ट शेवटपर्यंत जागं राहील.

२४ नोव्हेंबर. डायअसेटिल

तीन दिवस ग्रॅव्हिटी हलली नाही: ‘अ’ १.०२२, ‘ब’ १.०२२, ‘क’ १.०२१. अल्कोहोल ८.१ ते ८.३.

दोन झाकणाच्या बाटल्यांत ‘अ’चा नमुना. एक ६५ अंशांच्या पाण्यात पंचवीस मिनिटं, दुसरी तशीच. दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगल्या. गरम केलेलीत लोण्याचा, म्हणजे डायअसेटिलचा, वास आला असता तर टाकी अजून चार दिवस १९ वर ठेवावी लागली असती. आला नाही. ४ अंशांवर उतरवायला सुरुवात.

१८ डिसेंबर. पहिली चव, आणि ‘ब’चा दोष

‘अ’: टॉफी, भाजलेला पाव, मागे पिकलेल्या चिकूसारखी गोडी, अल्कोहोलची ऊब घशात, जिभेवर जळजळ नाही. अजून कोवळी आहे पण सरळ आहे.

‘क’: धूर स्पष्ट, सोबत केळ्याचा वास थोडा जास्त. १२ नोव्हेंबरच्या तापमानाची ती खूण.

‘ब’: नाकाशी नेताच दवाखान्यातला वास, जखमेवर लावायच्या पट्टीचा. पहिला अंदाज असा की पीट २० टक्के आहे, क्रेसॉल (पीटच्या धुरातलं एक फिनॉल) हे असंच लागणार. पण दोन गोष्टी जुळेनात. पीटचा धूर नाकात आधी येतो, घोटाबरोबर ओसरतो, आणि मागे मातकट, गोडसर ऊब ठेवतो. इथे उलटं होतं. नाकात मध्यम, गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी चिकटून बसलेलं, आणि पेला गरम होईल तसं वाढणारं. पाणी पिऊनही जाईना.

१० नोव्हेंबरचा कागद काढला. ‘ब’च्या उकळीत पातळी कमी पडली म्हणून ३ लिटर पाणी वरून घातल्याची नोंद आहे. मेटाबायसल्फाइट घातलेलं पाणी तोवर संपलं होतं. म्हणजे ते ३ लिटर थेट नळीचं, क्लोरीनसकट.

२१ डिसेंबर. ‘ब२’

तोच पीट माल्ट, तेच प्रमाण, १० लिटर. या वेळी पाणी २० टक्के जास्त तयार करून ठेवलं आणि नळीच्या तोटीवर लाल पट्टी चिकटवली. बाकी काहीही बदललं नाही, नाहीतर दोष कशाचा होता हे कळलंच नसतं.

२५ जानेवारी २०२५. तीन पेल्यांची परीक्षा

‘ब’ आणि ‘ब२’मध्ये खरोखर फरक आहे की आपल्या मनाने धरलं आहे, हे तपासायचं होतं. प्रत्येकासमोर तीन पेले, दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा कोणता एवढंच सांगायचं. चवीला नऊजण. नुसत्या अंदाजाने तिघांचं बरोबर येईल. नऊपैकी सहाजण बरोबर आले तर फरक खरा मानता येतो. आठजणांनी बरोबर ओळखला.

‘ब२’ दोनदा चाखली. धूर तगडा, जुन्या चुलीच्या काजळीसारखा, थोडा खारट, आणि गिळल्यावर तोंड मोकळं. ‘ब’ ओतून टाकली. क्लोरोफिनॉल मुरवून जात नाही, मिसळूनही लपत नाही.

या परीक्षेत एक अडचण सुटली ती पुढच्यांसाठी. तोंड साफ करायला उंडो (गोव्यातला एक पाव) आणला होता, लोणी न लावता. तो लाकडाच्या भट्टीतला, कवचालाच धुराचा वास. दोन घोटांनंतर कोणाला काही कळेना. धुरकट बिअर चाखताना पोदेराचा (पाववाल्याचा) पाव बाजूला ठेवावा. बिनमिठाचे कुरमुरे आणि साधं पाणी पुरतं. उदबत्ती नको, आणि या दिवसांत बाहेर पालापाचोळा जाळतात म्हणून खिडक्या बंद. वेळ सकाळी अकरा, जेवणाच्या आधी.

८ फेब्रुवारी. मिश्रण

हे मुख्य काम. तीन बाटल्या, १० मिलीची मोजनळी, १०० मिलीचे ट्यूलिप पेले. वरून अरुंद पेला घ्यायचा, सरळ पाइंटच्या पेल्यात वास वर येऊन उडून जातो.

धूर नाकाला फार लवकर थकवतो. चौथ्या पेल्यानंतर धूर ‘कमी’ वाटू लागतो आणि हात आपोआप जास्त ओततो. म्हणून कमी धुराकडून जास्त धुराकडे, एका वेळी चारच पेले, मग वीस मिनिटं विश्रांती आणि स्वतःच्या मनगटाच्या आतली बाजू हुंगायची. परत सुरुवात ‘अ’पासून.

आधी नुसती ‘ब२’, ‘अ’मध्ये वाढवत. ‘ब२’मध्ये २० टक्के पीट आहे, म्हणजे मिश्रणातल्या ‘ब२’च्या टक्क्यांना पाचाने भागलं की पीटची खरी टक्केवारी मिळते.

५ टक्के ‘ब२’ (पीट १): धूर कळत नाही, पण ‘अ’च्या शेजारी ठेवली तर जास्त कोरडी वाटते. चांगली, पण आपलं काम हे नाही.

१० टक्के (पीट २): नाकात विझलेल्या शेकोटीचा धागा. जिभेवर टॉफी आधी, धूर मागून.

१५ टक्के (पीट ३): धूर आणि टॉफी एकदमच. इथे मतं फुटली.

२० टक्के (पीट ४): टॉफी दबली. बिअर पातळ वाटते, ग्रॅव्हिटी तीच असूनही. धुराचा कोरडेपणा गोडीला खातो, त्यामुळे अंग कमी झाल्यासारखं भासतं.

३० टक्के (पीट ६): पहिला घोट जोरदार, तिसऱ्या घोटाला नकोशी. अर्धा पेला कोणीही संपवला नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. एका घोटावर मात्रा ठरवली असती तर १५ किंवा २० निवडली गेली असती. प्रत्येक निवडलेल्या मिश्रणाचा १०० मिलीचा पेला संपवूनच निर्णय घ्यायचा. धुरकट बिअरमध्ये धूर साठत जातो, पहिल्या घोटाला कमी वाटलेला धूर शेवटी बरोबर होतो.

मग ‘क’. एकटी करवंटी मिसळली तर २० टक्क्यांपर्यंत छान, पुढे डांबराकडे झुकते. पण पीटसोबत थोडी घातली की वेगळीच गोष्ट होते. पीट खालून मातकट, करवंटी वरून तिखट, आणि मध्ये टॉफीला जागा राहते. ‘क’चं केळं ८ टक्क्यांपर्यंत कळत नाही, १२ ला कळतं.

निवड: ‘अ’ ८०, ‘ब२’ १२, ‘क’ ८. म्हणजे पीट माल्ट २.४ टक्के, करवंटीचा ३.२.

९ फेब्रुवारी. पेल्यातलं तापमान

निवडलेलं मिश्रण, ९० मिली, खोली २९ अंश, पेला टेबलावर, हातात नाही. पेल्यात सुईचा थर्मामीटर.

६ अंश: गोडी नाही, धूर नाही, फक्त भाजल्याचा कोरडेपणा. फ्रीजमधून काढून लगेच दिली तर गिऱ्हाइकाला एवढंच मिळेल.

९ अंश: नाकात धूर आधी उघडतो. चव अजून बंद.

१२ अंश: टॉफी, मनुका, ऊब, आणि धूर मागे सरकलेला. याच्यासाठीच सगळी खटपट.

१५ अंश: अल्कोहोल नाकात येऊ लागतं, पण गोडी सर्वांत भरलेली.

१९ अंश: जड. धूर राखेसारखा, गोडी चिकट.

८ वरून १२ ला यायला नऊ मिनिटं लागली. दमट हवेत पेल्यावर जमणारं पाणी आपली उष्णता पेल्याला देतं, त्यामुळे इथे पेला कोरड्या हवेपेक्षा लवकर तापतो. म्हणून वाढताना ८ अंश, लहान पेला, एका वेळी १५० मिलीपेक्षा जास्त नाही. मोठ्या पेल्यातला शेवटचा तिसरा हिस्सा १९ च्या पुढे जातो आणि सगळी मेहनत वाया.

१५ फेब्रुवारी. केग

१९ लिटरचे दोन केग (दाबाखाली बिअर ठेवायची पिंपं). ‘अ’ ३०.४ लिटर, ‘ब२’ ४.५६, ‘क’ ३.०४. मोजमाप वजनाने केलं, फेसामुळे लिटरच्या खुणा फसवतात. १.०२२ ग्रॅव्हिटीला १ लिटर म्हणजे १.०२२ किलो. केग आधी सॅनिटायझरने काठोकाठ भरून कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकलला, म्हणजे आत हवा उरत नाही. नुसता गॅस फुंकून हवा जात नाही. इथल्या उष्णतेत थोडा ऑक्सिजनही दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो.

४ अंशांवर ०.४५ बार, दहा दिवस. २ व्हॉल्यूमपेक्षा जास्त गॅस नको, बुडबुड्यांची चुणचुण धुराला धारदार करते.

२ मार्च. जेवणाबरोबर

चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज): जमलं नाही. मिरचीची आग ८ टक्के अल्कोहोलने वाढते आणि व्हिनेगर टॉफीला आंबट करतं. चोरीस उकडून, चरबी काढून, बटाट्याबरोबर दिलं तेव्हा बरं, तरी पहिली पसंती नाही.

दोदोल: माडाच्या गुळाची गोडी इतकी जास्त की बिअर फिकी पडली.

बेबिंक (थराथरांचा गोवन केक): नेमकं. एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजलेला, त्याचा करपलेला पदर आणि आपली आटवणी एकाच वाटेने जातात. तुपामुळे धुराची धार बोथट होते. बेबिंक थंड नको, खोलीच्या तापमानाचं, बोटभर जाडीची फोड, बिअर १२ अंशांवर.

भाजलेले काजू, बिनमिठाचे: चालतात. मीठ लावलेले काजू धुराला कडू करतात.

१६ मार्च

महिनाभर मुरल्यावर धूर अंदाजे एका पायरीने खाली आला आहे, आज १५ टक्क्यांचं मिश्रण फेब्रुवारीतल्या १२ सारखं लागेल. ‘ब२’चे ४ लिटर ४ अंशांवर वेगळे ठेवले आहेत. दुसऱ्या केगमधून २०० मिली काढून त्यात ६ मिली ‘ब२’ घालून चाखली: बरोबर. केगमधल्या उरलेल्या १८ लिटरला त्याच हिशोबाने ५४० मिली, बंद दाबाखाली ढकलून घालायचे. पहिला केग तसाच ठेवला. दोन्ही १३ एप्रिलला शेजारीशेजारी चाखायचे, तोवर कोणीही नळ उघडायचा नाही.